छोट्या कॉलेजातली मुलं अभ्यासाबद्दल लिहितात, ते नेमकं कुणाबद्दल असतं?

नाशिकच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलीला अमेरिकेत, मिडवेस्टमधल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात (विज्ञानापासून साहित्यापर्यंत सगळं शिकवणाऱ्या, मुख्यतः पदवीपुरत्या कॉलेजात) प्रवेश मिळाला आहे, शिष्यवृत्तीही बऱ्यापैकी आहे. कॉलेजात सगळी मिळून दीड हजार मुलं. मुलीला जीवशास्त्र आवडतं, अर्थशास्त्रही खुणावतं. घरात कुणी अशा कॉलेजात शिकलेलं नाही, म्हणून मायलेकी रात्री बसून तिथल्या विद्यार्थ्यांची मतं वाचतात. एकाला तिथले प्रोफेसर देवासारखे वाटतात, घरी जेवायला बोलावतात म्हणे. दुसरी लिहिते की अभ्यासाने जीव जातो आणि हवे ते कोर्सेस मिळत नाहीत. तिसऱ्याच्या मते हे कॉलेज नव्हेच, मोठी शाळा आहे. यातलं खरं काय मानायचं? पदवीवर ‘बी. ए.’ लिहून येणार, त्याचं काय? आणि १ मेच्या आत होकार द्यायचा का?

मी अशाच एका छोट्या कॉलेजात (तुमच्या मुलीच्या नव्हे) वीसेक वर्षं संख्याशास्त्र शिकवते आहे. मधली काही वर्षं नव्या प्राध्यापकांना कायम करायचं की नाही हे ठरवणाऱ्या समितीवर होते. सेमिस्टर संपताना मुलं शिक्षकांबद्दल जे फॉर्म भरतात त्यांचे गठ्ठे वाचणं हा त्या समितीचा निम्मा उद्योग असतो. तेव्हा अशी मतं वाचायची सवय आहे एवढंच सांगते. होकार द्यायचा की नाही हे तुमच्या खर्चाच्या गणितावरही अवलंबून आहे, त्यात मी पडत नाही.

तुम्ही वाचलेली तिन्ही मुलं बहुधा खरंच लिहिताहेत. पाहायचं ते हे, की ती ज्याबद्दल लिहिताहेत ते तुमच्या मुलीच्या वाट्याला येणार आहे का. दीड हजार मुलांच्या कॉलेजात पूर्णवेळ शिकवणारे साधारण सव्वाशे-दीडशे लोक असतात. त्यात जीवशास्त्राला आठ-दहा, अर्थशास्त्राला सहा-सात, तत्त्वज्ञानाला तीन-चार, जर्मनला कधीकधी दोनच. त्यातला एखादा सबॅटिकलवर, म्हणजे संशोधनाच्या लांब रजेवर, गेलेला, त्याच्या जागी वर्षभराच्या करारावर आलेला कुणी व्हिजिटिंग. मुलगी चार वर्षांत तीस-बत्तीस कोर्सेस घेईल. त्यातले मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, दहा-बारा ती पाच-सहा माणसांकडून शिकेल. म्हणजे ‘तिथला अभ्यास कसा आहे’ याचं उत्तर देताना मूल त्या पाच-सहा माणसांबद्दल सांगत असतं. मोठ्या विद्यापीठात एक वाईट शिक्षक टाळता येतो. इथे तोच एकटा जनुकशास्त्र शिकवत असेल तर टाळून जाणार कुठे? आणि तोच उत्तम असेल तर तीन वर्षं तिची चांदी. मतं इतकी टोकाची येतात ती यामुळे.

आपल्याकडे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात शिकलेल्या पालकांच्या एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही. तिथे शिकवणारा एक, पेपर काढणारा दुसरा, तपासणारा तिसरा. पेपर अवघड गेला तर शिव्या विद्यापीठाला. वर्गातले सर किंवा मॅडम आपल्याच बाजूचे. इथे शिकवते मी, प्रश्न काढते मी, तपासते मी, ग्रेड देते मीच. वर कुणी मॉडरेटर नाही. त्यामुळे अभ्यासाबद्दलचा राग असो की प्रेम, सगळं थेट माणसावर येतं. याला एक गाजलेला अपवाद पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजात आहे. तिथे १९२२ पासून ऑनर्सचा एक वेगळा मार्ग आहे आणि त्यातल्या मुलांची शेवटची लेखी-तोंडी परीक्षा बाहेरच्या संस्थांमधले तज्ज्ञ येऊन घेतात. अशी व्यवस्था असली की शिकवणारा प्रोफेसर आपसूक मुलाच्या बाजूला येऊन बसतो. बाकी ठिकाणी तो मेजाच्या दोन्ही बाजूंना असतो, हे मतं वाचताना विसरू नका.

ग्रेडचा मतांवर किती परिणाम होतो याचं एक नीट अभ्यासलेलं उदाहरण आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या वेलस्ली कॉलेजाने २००४ मध्ये नियम केला की प्राथमिक आणि मधल्या पातळीच्या कोर्सेसमध्ये वर्गाची सरासरी बी प्लसच्या, म्हणजे चारपैकी ३.३३ च्या, वर जाऊ नये. विज्ञानाच्या आणि अर्थशास्त्राच्या विभागांत ग्रेड आधीच कडक होते; झळ बसली ती मुख्यतः भाषा, कला आणि बाकीच्या सामाजिक शास्त्रांना. तिथल्याच तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये याचा हिशोब मांडला. ज्या विभागांत ग्रेड खाली आले तिथे त्या विषयात मेजर करणाऱ्या मुली कमी झाल्या आणि प्राध्यापकांना मुलींनी दिलेले गुणही घसरले. ते शिक्षक एका सेमिस्टरमध्ये शिकवायचं विसरले असतील असं मानायला काही आधार नाही. पुढे २०१९ मध्ये कॉलेजाने तो नियम काढून टाकला. म्हणून ‘फार कडक’ असा शेरा दिसला की मी पुढचं वाक्य शोधते. ‘फार कडक, पण पेपरवर पानभर लिहून परत देतात’ असं असेल तर त्या शिक्षकाकडे मुलीला डोळे झाकून पाठवा. ‘फार कडक, आणि ग्रेड कशावरून देतात ते कळत नाही’ असं दोन-तीन वेगळ्या मुलांनी वेगळ्या वर्षी लिहिलं असेल तर जरा थांबा. उलट ‘एकदम मस्त माणूस, सोपा ए’ हा शेरा माझ्या लेखी कोराच असतो. (माझ्या सुरुवातीच्या वर्षांतल्या फॉर्मांवर माझ्या उच्चारांबद्दल हमखास एक ओळ असायची. मी कायम झाल्यावर ती ओळ आपोआप नाहीशी झाली. उच्चार अजून सांगलीचेच आहेत.)

‘वर्ग छोटे असतात’ हे वाक्य प्रत्येक कॉलेजच्या पत्रकात असतं आणि मुलंही तेच लिहितात. इथे माझ्यातली संख्याशास्त्राची मास्तरीण जागी होते, तर पाच मिनिटं सहन करा. समजा एका कॉलेजात दहा वर्ग आहेत. नऊ वर्गांत दहा-दहा मुलं आणि दहाव्यात नव्वद. कॉलेज सांगणार, आमच्या वर्गाची सरासरी अठरा. गणित चोख आहे: एकशेऐंशी भागिले दहा. पण एकशेऐंशी जागांपैकी नव्वद, म्हणजे अर्ध्या, त्या एका मोठ्या वर्गात आहेत. मुलांना विचारत गेलात, ‘तुझ्या वर्गात किती जण?’, तर उत्तरांची सरासरी पन्नास येईल. कॉलेजही खरं बोलतंय, मुलंही. प्रत्यक्षात छोट्या कॉलेजात नव्वदचा वर्ग क्वचित असतो, पण पहिल्या वर्षाचं जीवशास्त्र, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि हल्ली कॉम्प्युटर सायन्स इथे तीस-चाळीस मुलं सहज असतात. त्याच वेळी लॅटिनच्या वर्गात पाच. तुमच्या मुलीला आवडणारे दोन्ही विषय गर्दीचे आहेत. तेव्हा लॅटिनवाल्या मुलाने वर्गाच्या आकाराचं केलेलं कौतुक तिच्या फारसं उपयोगाचं नाही.

हे तपासायला मतांची गरजच नाही. बहुतेक कॉलेजं ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा ठरावीक नमुन्यातला तक्ता दरवर्षी आपल्या साइटवर टाकतात. त्याच्या ‘आय’ भागात दोन ते नऊ मुलांचे वर्ग किती, दहा ते एकोणीसचे किती, असं थेट शंभरच्या वरपर्यंत दिलेलं असतं. ‘जे’ भागात कोणत्या विषयात किती टक्के पदव्या दिल्या ते असतं; एकाच विषयात पाव कॉलेज कोंबलेलं दिसलं तर तिथल्या प्राध्यापकांना श्वास घ्यायला फुरसत नसणार. आणि ‘बी’ भागात पहिल्या वर्षानंतर किती टक्के मुलं परत आली ते. हा शेवटचा आकडा मी सगळ्यांत आधी बघते. सोडून गेलेली मुलं सहसा मतं लिहीत बसत नाहीत, पण या आकड्यात ती दिसतात. पंच्याण्णव टक्के परत येणारं कॉलेज आणि पंच्याहत्तर टक्के परत येणारं कॉलेज यांच्याबद्दलची मतं शब्दाला शब्द सारखी असली, तरी मी दोन्ही सारखी वाचणार नाही.

आता ‘अभ्यासाने जीव जातो’. कोर्सचं वजन क्रेडिटमध्ये मोजतात, आणि सरकारी व्याख्येनुसार एका क्रेडिटमागे आठवड्याला वर्गात एक तास आणि बाहेर किमान दोन तास काम धरतात. चार कोर्सेस म्हणजे सोळा क्रेडिट, म्हणजे आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. हे कागदावर. मुलं तेवढं करत नाहीत हे आम्हालाही ठाऊक असतं, आणि आम्हाला ठाऊक आहे हे मुलांना. पण काम कितीपेक्षा ते कसं येतं यावर मतं जास्त ठरतात. मिनेसोटातल्या कार्लटनमध्ये वर्षात दहा-दहा आठवड्यांच्या तीन टर्म असतात आणि एका वेळी तीनच कोर्सेस. पाचव्या आठवड्यापर्यंत मिडटर्म येऊन थडकते. कोलोराडो कॉलेजात १९७० पासून ‘ब्लॉक प्लॅन’ आहे: एका वेळी एकच कोर्स, साडेतीन आठवड्यांत संपवायचा, मग पुढचा. तिथे दोन दिवस ताप आला तर नेहमीच्या सेमिस्टरच्या हिशोबाने दीड आठवडा बुडाल्यासारखं होतं. तेव्हा ‘जीव जातो’ वाचलं की आधी त्या कॉलेजाचं कॅलेंडर उघडा.

भारतातून आलेल्या मुलांचं या बाबतीत एक ठरलेलं चक्र मी पाहत आले आहे. पहिल्या दीड महिन्यात घरी फोन: सोपं आहे गं, हे तर आम्ही अकरावीतच केलंय. कॅल्क्युलस आणि रसायनशास्त्राबद्दल ते खरंही असतं. मग ऑक्टोबरमध्ये पहिल्या वर्षाच्या सेमिनारचा, म्हणजे चर्चा आणि लेखनाच्या छोट्या वर्गाचा, निबंध परत येतो. मुलीने पाच पानं सुंदर इंग्रजीत लिहिलेली असतात आणि खाली प्रोफेसरने लिहिलेलं असतं: माहिती सगळी बरोबर, पण तुझं म्हणणं काय आहे? ग्रेड बी मायनस. बारावीला नव्वदच्या वर पडलेल्या मुलीला हे झेपायला वेळ लागतो. शिवाय वर्गात बोलण्याला पंधरा-वीस टक्के गुण असतात आणि आपली मुलं पहिलं सेमिस्टर तोंडात मूग गिळून बसतात, कारण सर बोलत असताना मध्ये बोलू नये हे अंगात भिनलेलं. त्या नोव्हेंबरमध्ये तिने कॉलेजबद्दल मत लिहिलं तर ते जहाल असेल. तीच मुलगी दुसऱ्या वर्षी प्रोफेसरच्या ऑफिसात चहा घेऊन वाद घालत असते. मत कोणत्या महिन्यात आणि कितव्या वर्षी लिहिलं आहे ते म्हणून बघायचं.

या सेमिनारसारख्या सक्तीच्या कोर्सेसबद्दल मुलांची मतं नेहमी दुभंगलेली असतात. काही कॉलेजं सक्तीचं फार कमी ठेवतात. आयोवातल्या ग्रिनेलमध्ये पहिल्या सेमिस्टरचा एक ट्यूटोरियल आणि मेजरच्या अटी सोडल्या तर काहीच सक्तीचं नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्टचंही साधारण तसंच. याच्या दुसऱ्या टोकाला ऑरेगनमधलं रीड. तिथे पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाला मानव्यविद्यांचा वर्षभराचा एक समान कोर्स घ्यावाच लागतो. त्या कोर्सचा भर प्राचीन ग्रीस आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या जगावर होता. २०१६ पासून तिथल्या विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध जोरदार आंदोलन केलं, आणि २०१८ मध्ये फेररचना जाहीर होऊन मेक्सिको सिटी आणि न्यूयॉर्कमधलं हार्लेम त्या अभ्यासक्रमात आले. आंदोलनाच्या पद्धतीबद्दल माझ्या सहकाऱ्यांत दोन तट होते आणि मी बऱ्यापैकी मधोमध होते. तुम्हाला सांगायचं कारण एवढंच की दीड-दोन हजारांच्या कॉलेजात मुलांच्या मताने अभ्यासक्रम खरोखर हलतो. पाच वर्षांपूर्वीची तक्रार वाचून निर्णय घेऊ नका. ती तक्रार निकाली निघालेली असू शकते.

‘हवे ते कोर्सेस मिळत नाहीत’ ही मला सगळ्यांत गंभीरपणे घ्यावीशी वाटणारी तक्रार आहे, कारण ती माणसांच्या स्वभावावर नव्हे, संख्येवर अवलंबून आहे. आठ जणांच्या विभागात एखादा वरच्या पातळीचा कोर्स वर्षाआड होतो. तो शिकवणारी बाई नेमकी त्या वर्षी सबॅटिकलवर गेली तर तीन वर्षांतून एकदा. त्यात मुलगी तिसऱ्या वर्षी एक सेमिस्टर परदेशी गेली, तर गणित आणखी बिघडतं. नोंदणीत वरच्या वर्गातल्या मुलांचा नंबर आधी लागतो, म्हणून पहिल्या वर्षाची मुलं सर्वांत जास्त ओरडतात. त्यातली निम्मी ओरड पुढे आपोआप शमते. उरलेली निम्मी खरी असते. कॉलेजचा कॅटलॉग वाचू नका, त्यात कधीकाळी शिकवलेले कोर्सेसही असतात. रजिस्ट्रारच्या पानावर मागच्या चार वर्षांची प्रत्यक्ष वेळापत्रकं मिळतात. मुलीला सांगा, जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र यांची चारही वर्षांची यादी काढ, कोणता कोर्स किती वेळा झाला ते वहीत मांड. एका संध्याकाळचं काम आहे, आणि तुम्ही वाचलेल्या सगळ्या मतांहून ते जास्त सांगेल.

मोठी शाळा? हो, काही अंशी आहे. कुणी कोणता कोर्स सोडला हे कँटीनमध्ये कळतं. ज्या प्रोफेसरशी पहिल्या वर्षी वाजलं तोच तिसऱ्या वर्षी ॲडव्हायझर होऊ शकतो. अनोळखी राहून शिकायला ज्यांना आवडतं अशा मुलांना इथे गुदमरायला होतं, आणि अशी मुलं हुशारही असतात. तुमची मुलगी कशी आहे हे तुम्ही जाणता. मात्र याच जवळिकीतून शिफारसपत्रं येतात. मोठ्या विद्यापीठात ‘या मुलीला ए मिळाला’ यापलीकडे लिहायला प्रोफेसरकडे काही नसतं. मी मात्र एखाद्या मुलीने चुकलेलं मॉडेल कसं शोधून काढलं त्यावर दोन पानं लिहू शकते, कारण ती माझ्यासमोर बसून ते करत होती.

प्रयोगशाळेचंही तसंच. इथे पीएचडीचे विद्यार्थी नसल्यामुळे पिपेट दुसऱ्या वर्षाच्या मुलीच्या हातात येते, आणि उन्हाळ्यात प्रोफेसरबरोबर आठ-दहा आठवडे पगारी संशोधन करता येतं. रीड, स्वार्थमोर, कार्लटन, ग्रिनेल यांसारख्या कॉलेजांतून मुलांच्या संख्येच्या मानाने पुढे पीएचडी करणारे इतके निघतात त्यामागे हे मोठं कारण असावं असं माझं मत आहे. यंत्रं मात्र मोठ्या विद्यापीठासारखी नसतात, आणि तिसऱ्या वर्षी सगळे कोर्सेस संपवून पुढचं पदव्युत्तर शिकू पाहणाऱ्या मुलीला इथे छताला डोकं लागतं.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाबद्दलची मतं तर तारीख बघितल्याशिवाय वाचूच नयेत. ओहायोतल्या वूस्टर कॉलेजात प्रत्येकाला शेवटच्या वर्षी एका प्राध्यापकाच्या देखरेखीखाली स्वतंत्र संशोधन पुरं करावं लागतं. ही प्रथा १९४०च्या दशकापासूनची. वसंताच्या सुट्टीनंतरच्या सोमवारी ते जमा करायचं, जमा करणाऱ्याच्या हातावर एक टूट्सी रोल चॉकलेट ठेवतात आणि मग कॅम्पसभर मिरवणूक. रीडमध्येही प्रत्येकाला प्रबंध आणि त्यावर तोंडी परीक्षा. आमच्याकडे फेब्रुवारीत मुलं या कामाला लाखोली वाहतात. पाच-सात वर्षांनी तीच मुलं भेटायला येतात तेव्हा दुसरं काही आठवत नाही, हेच आठवतं. फेब्रुवारीतलं मत खोटं नव्हतं, पण तुम्हाला चार वर्षांचा निर्णय घ्यायचा असेल तर पदवी घेऊन काही वर्षं झालेल्यांची मतं शोधा. ती साइटवर कमी सापडतात. कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला कळवलं तर ते भारतातल्या माजी विद्यार्थ्यांशी गाठ घालून देतात. ते अर्थातच निवडक गोड बोलणारे असतात, पण नेमके प्रश्न विचारलेत तर त्यांच्याकडूनही खरं निघतं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: मत कुणी, कितव्या वर्षी, कोणत्या महिन्यात, कोणत्या विभागाबद्दल लिहिलं हे आधी बघा, विशेषणं सोडून द्या, घडलेली गोष्ट सांगितली असेल तर ती धरा, आणि जे आकड्यांत सापडतं ते मतांत शोधू नका.

मतांत जवळजवळ कधीच न येणारी एक गोष्ट म्हणजे कॉलेजची तब्येत. अमेरिकेत कॉलेजच्या वयाची मुलं कमी होत चालली आहेत आणि मोठी गंगाजळी नसलेली छोटी कॉलेजं अडचणीत आहेत. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज आणि अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज ही दोन्ही दीडशेहून जास्त वर्षं जुनी होती. २०२४ मध्ये दोन्ही बंद झाली. बंद पडायच्या कितीतरी आधी कॉलेजं विभाग छाटायला लागतात. निवृत्त झालेल्याच्या जागी कुणी नेमत नाहीत, मग वर्षाच्या करारावरची माणसं, मग एक दिवस ‘हे मेजर आता नाही’. मुलीच्या दोन्ही विभागांची पानं उघडा आणि नावांपुढे ‘व्हिजिटिंग’ किती जणांच्या लागलंय ते मोजा. एक-दोन असणं नेहमीचं आहे. निम्मे असतील तर प्रवेश कार्यालयाला सरळ विचारा, या जागा कायमच्या भरणार आहात का? आणि स्थानिक वर्तमानपत्रात कॉलेजच्या नावाने गेल्या दोन वर्षांच्या बातम्या वाचा.

तिथल्या एखाद्या विद्यार्थिनीशी बोलायची संधी मिळेल तेव्हा मुलीला बोलू द्या, तुम्ही फोन हातात घेऊ नका. ‘कॉलेज कसं आहे?’ या प्रश्नाला ‘छान आहे’ याशिवाय उत्तर येत नाही. त्याऐवजी तिने विचारावं: या सेमिस्टरला तुझे चार कोर्सेस कोणते, प्रत्येकात किती जण? शेवटचा पेपर किंवा लॅब रिपोर्ट किती दिवसांनी परत मिळाला, त्यावर काय लिहिलेलं होतं? ऑफिस अवर्समध्ये (प्रोफेसरला भेटायच्या ठरलेल्या वेळेत) शेवटचं कधी गेलीस? घ्यायचा होता आणि मिळाला नाही असा कोर्स कोणता, मग काय केलंस? समोरची मुलगी तिसऱ्या वर्षाची आणि जीवशास्त्राची असेल तर उत्तम. पहिल्या वर्षाच्या टूर गाइडला यातलं निम्मंही सांगता येणार नाही, तो बिचारा मागे चालत बोलायच्या नादात असतो.

शिष्यवृत्तीच्या पत्रातली एक ओळही अभ्यासाशी जोडलेली आहे. दरवर्षी ती चालू राहायला किमान किती जीपीए (सगळ्या ग्रेडची चारपैकी सरासरी) लागतो ते पाहा. ३.० किंवा त्याहून वरची अट असेल तर मुलं भीतीने अवघड कोर्स टाळतात. हे मी दरवर्षी पाहते, आणि अशा मुलीला ‘घे गं, जमेल’ असं सांगताना माझी जीभ अडखळते. अट असेल तर एका वाईट सेमिस्टरनंतर सवलत मिळते का, हे आत्ताच लेखी विचारून ठेवा.

आता बी. ए. अशा कित्येक कॉलेजांत भौतिकशास्त्र घेतलं तरी पदवी बी. ए.च असते आणि अमेरिकेत त्याने काही अडत नाही. पीएचडीला घेणारे ट्रान्स्क्रिप्टमधले, म्हणजे गुणपत्रिकेतले, कोर्सेस बघतात. पदवीनंतरच्या कामाच्या परवान्यासाठी, म्हणजे ओपीटीसाठी, पदवीच्या नावापेक्षा विषयाचा वर्गीकरण-कोड महत्त्वाचा. जीवशास्त्राला बारा महिन्यांवर आणखी चोवीस मिळतात. अर्थशास्त्राला ते मिळणं कॉलेजने कोणता कोड लावलाय त्यावर ठरतं: ४५.०६०३ असेल तर मिळतात, म्हणून कित्येक विभागांनी तो मुद्दाम बदलून घेतला आहे. हा कोड विचारून घ्या, आणि नियम बदलत असतात म्हणून दरवर्षी पुन्हा पाहा. जीवशास्त्राच्या मागे ‘पुढे तिथेच डॉक्टर’ असा विचार घरात असेल तर आत्ताच बोलून घ्या, कारण परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी अमेरिकन मेडिकल कॉलेजं फार थोडी आहेत. परत येऊन भारतात एम. एस्सी. करायची शक्यता असेल तर ज्या संस्थेत जायचं तिच्या पात्रतेच्या अटीत ‘बी. एस्सी.’ असं स्पष्ट लिहिलंय का ते पाहा, आणि पहिल्या सेमिस्टरपासून प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवायला मुलीला सांगा. समकक्षतेच्या कागदपत्रांसाठी तो लागतो, आणि चार वर्षांनी निघून गेलेल्या व्हिजिटिंग प्रोफेसरकडून तो मिळवणं महाकठीण असतं.